वाकडी चौकट, जुनं दार आणि अलार्मचा सेन्सर

अलार्मच्या खोक्यात जो कागद येतो, त्यावरचं दार नेहमी सरळ असतं. सपाट चौकट, तिच्याशी समतल दार, आणि वरच्या कोपऱ्यात एकमेकींना खेटून बसलेल्या दोन पांढऱ्या वड्या, म्हणजे दार उघडलं की अलार्मला कळवणारा सेन्सर. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या किंवा ताराबाई पार्कातल्या नव्या फ्लॅटमध्ये असं दार मिळतंही. पण मंगळवार पेठेतल्या किंवा शुक्रवार पेठेतल्या जुन्या घरात गेलात तर सागवानी चौकट पुढे आलेली असते, दार तिच्यापासून दीड-दोन इंच आत बसलेलं असतं, वर नक्षीची गणेशपट्टी असते आणि लाकडावर ऑइलपेंटचे किती थर चढलेत ते घरच्यांनाही सांगता येत नाही. वरच्या मजल्यावर लोखंडी झेड सेक्शनच्या (इंग्रजी झेडसारख्या मुडपलेल्या पट्टीच्या) खिडक्या, गच्चीवर पत्र्याचं दार, मागच्या खोलीला नंतर बसवलेली ॲल्युमिनियमची सरकती खिडकी. एकाच घरात चार तऱ्हा.

अशा घरात सेन्सर मिळेल त्या जागी चिकटवला की पुढचं ठरलेलं असतं. वळवाच्या पहिल्या वाऱ्याला रात्री भोंगा वाजतो, गल्ली जागी होते, दोन-तीनदा असं झालं की घरातलं कुणीतरी तो सेन्सर यंत्रणेतून काढून टाकतं. भिंतीवर अलार्म दिसतो, घरचे निर्धास्त झोपतात, आणि मागचं दार प्रत्यक्षात उघडंच असतं. अलार्म नसलेल्या घरापेक्षा हे वाईट, कारण अलार्म नसेल तर माणूस निदान कडी दोनदा तपासतो. म्हणून हा लेख बेढब चौकटींपुरताच लिहिला आहे. सरळ दारासाठी खोक्यातला कागद पुरेसा आहे.

वडीच्या आत काय असतं

दोनपैकी एका वडीत साधा चुंबक असतो. दुसरीत, म्हणजे सेन्सरच्या वडीत, काचेची बारीक नळी असते, तिला रीड स्विच म्हणतात. नळीत निष्क्रिय वायू भरलेला असतो आणि निकेल-लोखंडाच्या दोन पातळ पट्ट्या एकमेकींच्या अगदी जवळ, पण न टेकता उभ्या असतात. चुंबक जवळ आला की पट्ट्या चिकटतात आणि सर्किट पूर्ण होतं. चुंबक लांब गेला की सुटतात. बेल लॅबोरेटरीजमध्ये वॉल्टर एलवूड यांनी १९३६ मध्ये हा स्विच तयार केला आणि आजचा बिनतारी सेन्सरही बहुधा त्याच तत्त्वावर चालतो.

यातून कामाच्या तीन गोष्टी निघतात.

पहिली, अंतर. साध्या सेन्सरवर १५ किंवा २० मिमी असं अंतर लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, चुंबक तेवढ्या अंतरात असेल तर दार बंद समजायचं. पण हा आकडा लाकडावरचा किंवा प्लॅस्टिकवरचा असतो. चौकट लोखंडी असेल तर चुंबकाची बरीचशी शक्ती लोखंडातच जिरते आणि अंतर साधारण निम्म्यावर येतं.

दुसरी, दिशा. बहुतेक सेन्सरमध्ये काचेची नळी वडीच्या लांबीत आडवी पडलेली असते आणि चुंबकाचे ध्रुव त्याच्या दोन टोकांना असतात. म्हणून दोन्ही वड्यांची लांबी एकमेकींना समांतर हवी. एक उभी आणि एक आडवी लावली, तर अगदी चिकटून असूनही सेन्सर भरवशाने काम करत नाही. मात्र लांबी समांतर ठेवून चुंबकाची वडी कुशीवर वळवली, म्हणजे सेन्सर चौकटीच्या समोरच्या अंगावर आणि चुंबक काटकोनातल्या बाजूवर लावला, तरी चालतं. बेढब चौकटीत ही सवलत फार उपयोगी पडते. काही छोट्या बिनतारी सेन्सरमध्ये चुंबकाची रचना वेगळी असते, म्हणून पक्कं करण्याआधी हातात धरून बघणं आलंच.

तिसरी, बाजू. बिनतारी सेन्सरच्या एका कडेला बारीक रेघ किंवा बाण असतो. नळी त्या कडेला आहे. चुंबक त्या बाजूला आला पाहिजे, आणि चुंबकावरही खूण असेल तर खुणेसमोर खूण.

स्क्रूड्रायव्हरच्या आधी

हातात फक्त फ्रिजला लावतात तसला एखादा चुंबक, मोजपट्टी, पेन्सिल आणि रंगारी वापरतात ती कागदी टेप घ्या. घरभर फिरा.

चुंबक प्रत्येक चौकटीला आणि दाराला लावून बघा. रंगाखाली काय आहे ते डोळ्यांना कळत नाही. ॲल्युमिनियमसारखी दिसणारी पावडर कोटिंगची चौकट लोखंडी निघते. चुंबक चिकटला तर लोखंड, म्हणजे वडीखाली ठोकळ्याचं पॅकिंग लागणार. यूपीव्हीसीच्या खिडकीत फसगत होते: बाहेर प्लॅस्टिक, पण आत मजबुतीसाठी गॅल्व्हनाइज्ड लोखंडाची पट्टी घातलेली असते. तिथंही चुंबक हलकेच ओढ दाखवतो.

मग दार बंद करून, कडी लावून, हाताने जोरात आत-बाहेर हलवा. जुन्या दाराची कडी आणि कोयंडा झिजलेले असतात; कडी लावूनही दार बोटभर हलतं. पूर्ण आत दाबल्यावर चौकटीपासूनचं अंतर मोजा, पूर्ण बाहेर ओढल्यावर पुन्हा मोजा. दोन्हीतला फरक लिहून ठेवा. सेन्सर निवडताना हाच आकडा धरायचा, कारण रात्रीचा वारा नेमकं हेच करणार आहे. फरक सेन्सरच्या आकड्याच्या निम्म्याच्या वर जात असेल तर आधी कडी दुरुस्त करा किंवा कोयंडा पुढे घ्या. सुतारमामांचं तासाभराचं काम आहे, आणि त्याने दारही जास्त सुरक्षित होतं.

यानंतर जागा. दाराची जी बाजू बिजागरीपासून सर्वात लांब, तिथं वरच्या अंगाला सेन्सर. कारण भूमितीचं आहे. दार फक्त २ अंश उघडलं तर बिजागरीपासून ८० सेंटिमीटरवरचा चुंबक सुमारे २८ मिमी सरकतो, १० सेंटिमीटरवरचा जेमतेम साडेतीन मिमी. बिजागरीच्या बाजूला सोयीची सपाट जागा दिसली म्हणून सेन्सर तिथं लावला, तर दारातून हात आत येईपर्यंत यंत्रणेला पत्ता लागत नाही. खाली, उंबरठ्याजवळही नको; फरशी पुसताना पाणी लागतं, केरसुणी लागते, लहान मुलांचे हात पोचतात.

आता जिथं लावायचा विचार आहे तिथं दोन्ही वड्या कागदी टेपने तात्पुरत्या अडकवा आणि दोन दिवस तशाच वापरा. दार नेहमीसारखं आपटू द्या. बिनतारी सेन्सर असेल तर सिग्नल मुख्य पॅनेलपर्यंत पोचतो का तेही यातच कळतं. काळ्या दगडाच्या जाड भिंती, लोखंडी कपाट, पत्र्याचं दार यांनी रेडिओ लहरी अडतात. टेपवर पटलं की मगच ड्रिल हातात घ्यायचं.

दार आत, चौकट बाहेर

जुन्या लाकडी दाराचा हा नेहमीचा पेच. चौकटीचा चेहरा आणि दाराचा चेहरा एका पातळीत नाहीत. मधे पायरी आहे. यावर तीन उपाय आहेत, आणि मी ते याच क्रमाने करून बघायला सांगेन.

पहिला उपाय फुकटचा: जागा बदलणं. चौकटीच्या समोरच्या अंगाऐवजी तिच्या आतल्या बाजूला, म्हणजे दार जिथं टेकतं त्या खाचेशेजारच्या उभ्या पृष्ठभागावर सेन्सर काटकोनात बसतो का बघा. चुंबक दाराच्या चेहऱ्यावर, कडेला लागून. लांबी समांतर आहे ना, तेवढं पाहा. दीड-दोन इंचाची पायरी अशा वेळी आडवी न येता आधाराला येते, आणि सेन्सर बाहेरून दिसतही नाही.

दुसरा उपाय पॅकिंग. जो भाग खोल आहे त्याच्याखाली ठोकळा देऊन दोन्ही वड्या एका पातळीत आणायच्या. ठोकळा लाकडाचा, ॲक्रिलिकचा किंवा पीव्हीसीचा. लोखंडाचा कधीही नाही. लाकडी दाराला लाकडी ठोकळा उत्तम, कारण दोन्ही एकाच चालीने फुगतात-आकसतात. लाकडाच्या वखारीत सागवानाची उरलेली पट्टी मिळते, ती वडीच्या मापाने कापून, रंधा मारून, दाराच्या रंगाचा हात दिला की ठोकळा मूळ दाराचाच वाटतो. चौकट तिरकी असेल, म्हणजे वरून खाली येताना पुढे कललेली, तर सरळ ठोकळ्याऐवजी पाचर कापावी लागते. त्यासाठी जाड पुठ्ठा चौकटीवर धरून तिरकेपणा पेन्सिलीने आखून घ्या आणि तो पुठ्ठा सुताराला द्या. तोंडी माप सांगू नका.

एक सावधगिरी: ठोकळा एक इंचाच्या वर गेला तर तो नुसत्या टेपवर ठेवायचा नाही. दार आपटलं की उंच ठोकळा मुळापासून उखडतो. त्याला दोन स्क्रू हवेतच.

तिसरा उपाय ॲल्युमिनियमचा अँगल. एल आकाराचा तुकडा हार्डवेअरच्या दुकानात फुटावर मिळतो. एक पाय चौकटीला, दुसऱ्या पायावर वडी. ॲल्युमिनियमला चुंबक ओढत नाही, त्यामुळे अंतरावर परिणाम होत नाही. नेहमीच्या काटकोनात काम होत नसेल, पट्टीला दोन-तीन वळणं हवी असतील, तर कागदाची पट्टी चौकटीवर दुमडून नमुना करा आणि शिवाजी उद्यमनगरात एखाद्या वर्कशॉपमध्ये नेऊन द्या. दोन मिमी जाडीची पट्टी घ्या. पातळ पट्टी दार आपटल्यावर थरथरते आणि त्या थरथरीने खोटा अलार्म येतो.

अंतर कमी पडतंय म्हणून मोठा, जबरदस्त निओडायमियम चुंबक आणून लावण्याचा मोह आवरा. त्याने सेन्सर लागू होतो खरा, पण मग दार चांगलं वीतभर उघडलं तरी स्विच सुटत नाही. अंतर जास्तच असेल तर त्यासाठी बनवलेला जास्त अंतराचा सेन्सर घ्या, आणि तोही गरजेपुरता.

गणेशपट्टीवर, नक्षीच्या खांबावर किंवा चौकटीवरच्या कोरीव वेलबुट्टीवर भोक पाडू नका. तशी चौकट आज करून मिळणं अवघड आहे. सेन्सरला दुसरी जागा नेहमी सापडते. तोरण बांधायचा खिळा जिथं आहे त्याच्यापासूनही वडी वीतभर लांब ठेवा, नाहीतर प्रत्येक सणाला तोरण बदलताना तिला धक्का बसतो.

दोन झडपांचं दार आणि दिंडी

दोन झडपांच्या दारात एक झडप वर-खाली स्टॉपर लावून पक्की केलेली असते आणि रोजची ये-जा दुसरीतून होते. अनेक जण रोजच्या झडपेलाच सेन्सर लावतात आणि दुसरी विसरतात. पण स्टॉपर सैल असेल तर चोराला तीच झडप सोपी.

म्हणून दोन्ही झडपा जिथं मिळतात, तिथं वरच्या आडव्या चौकटीवर दोन सेन्सर, प्रत्येक झडपेवर एक-एक चुंबक. वायरचा सेन्सर असेल तर दोन्ही एकामागे एक जोडून एकाच झोनमध्ये, म्हणजे पॅनेल ज्यांच्यावर एकत्र नजर ठेवतं अशा एका गटात, घेता येतात. कुठलीही झडप हलली की सर्किट तुटतं. एका झडपेवर सेन्सर आणि दुसरीवर चुंबक अशी काटकसर सुचवणारेही भेटतात. ते करू नका. मधल्या कडीने जोडलेल्या दोन्ही झडपा एकदम आत ढकलल्या गेल्या तर त्या काही अंतर सोबतच सरकतात आणि वड्या एकमेकींपासून हलतच नाहीत.

वाड्याच्या मोठ्या दरवाजात दिंडी, म्हणजे मोठ्या झडपेतलं छोटं दार, असेल तर ती वेगळं दार समजायची. मोठी झडप चौकटीच्या तुलनेत हलते, दिंडी मोठ्या झडपेच्या तुलनेत. दिंडीसाठी बिनतारी सेन्सर सोयीचा, कारण वायर नेली तर ती फिरत्या दारावरून न्यावी लागते आणि बिजागरीपाशी रोज वाकून काही महिन्यांत आतून तुटते. असं दार जाड लाकडाचं आणि लोखंडी पट्ट्या, खिळे यांनी मढवलेलं असतं. चुंबकाची चाचणी इथं पट्टी-पट्टीवर करा आणि दोन पट्ट्यांच्या मधली लाकडाची जागा शोधा.

लोखंड: झेड सेक्शन, गच्चीचं दार, चॅनेल गेट

कोल्हापुरातल्या बऱ्याच घरांना खिडकीला पक्की ग्रिल असते. तिथं खिडकीच्या सेन्सरची घाई नाही. पैसे मोजके असतील तर पहिला सेन्सर मागच्या दाराला, दुसरा गच्चीच्या दाराला, तिसरा पुढच्या दाराला असा क्रम मी धरेन. लागून घरं असलेल्या पेठेत एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर येणं अवघड नसतं, आणि गच्चीचं दार घरातलं सगळ्यात दुर्लक्षित दार असतं.

ते दार सहसा लोखंडी अँगलच्या चौकटीत पत्रा मारून केलेलं असतं. पत्रा वाऱ्याने डफासारखा हलतो, म्हणून चुंबक पत्र्याच्या मध्यावर लावायचा नाही. दाराच्या अँगलवर लावायचा. सेन्सर आणि चुंबक दोन्हींखाली किमान ६ ते १० मिमी जाडीचं ॲक्रिलिक किंवा पीव्हीसी द्या, म्हणजे दोन्ही लोखंडापासून सुटतील. बिनतारी सेन्सर असेल तर या पॅकिंगने अँटेनालाही फायदा होतो. शक्य असेल तर सेन्सरची वडी चौकटीवर न लावता शेजारच्या गिलाव्याच्या भिंतीवर घ्या. सगळं दाराच्या आतल्या बाजूला. उन्हाळ्यात पत्रा हात लावता येणार नाही इतका तापतो. तिथं नुसती टेप सुटते, स्क्रूच हवा.

झेड सेक्शनच्या जुन्या लोखंडी खिडकीत सपाट जागा फारच थोडी मिळते, कारण झडपेचा काठच मुडपलेला असतो. बारीक, पेन्सिलीएवढ्या जाडीचे सेन्सर मिळतात, ते घ्या. झडप बाहेर उघडणारी असेल तर सेन्सर आतल्या भिंतीच्या कडेला आणि चुंबक अँगलच्या तुकड्यावर, खिडकीच्या दांड्याला आडवा येणार नाही असा. दांडा फिरवून, पूर्ण बंद करून खात्री करा.

चॅनेल गेट आणि दुकानाचं रोलिंग शटर यांना घरगुती वडी लावू नका. त्यांच्यासाठी धातूच्या कवचातला, जमिनीत किंवा कडेला बोल्टने बसणारा, ५० मिमीच्या आसपास अंतर पेलणारा सेन्सर वेगळा मिळतो आणि त्याची वायर लवचिक धातूच्या नळीतून येते. गुजरीत, लक्ष्मीपुरीत खाली दुकान आणि वर घर अशी रचना असते. तिथं शटरचा झोन घराच्या झोनपासून वेगळा ठेवा, म्हणजे सकाळी दुकान उघडताना वरच्या मजल्याचा पहारा उतरवावा लागत नाही.

सरकती खिडकी

इथं तीन गोष्टी चुकतात.

सरकत्या खिडकीच्या दोन काचा एकमेकींपुढून जातात आणि मधे दोन-तीन मिमीचीच फट असते. जाड वडी त्या वाटेत आली की काच अडते. म्हणून वड्या खिडकीच्या बाहेरच्या कडेला, उभ्या चौकटीपाशी बसवायच्या: सेन्सर स्थिर चौकटीवर उभा, चुंबक सरकत्या झडपेच्या उभ्या पट्टीवर, तोही उभा.

उभाच का? सेन्सर वरच्या ट्रॅकवर आडवा लावला तर खिडकी उघडताना चुंबक नळीच्या लांबीच्या दिशेने सरकतो. त्या दिशेने जाताना स्विच एकदा सुटतो, थोडं पुढे गेल्यावर पुन्हा चिकटू शकतो, मग परत सुटतो. चुंबकीय क्षेत्राची रचनाच तशी आहे. उभा लावला की चुंबक थेट बाजूला जातो आणि स्विच एकदाच, स्वच्छ सुटतो.

आणि तिसरी: दोन्ही झडपा सरकतात. उजव्या झडपेला सेन्सर लावून डावी मोकळी सोडली तर निम्मी खिडकी उघडीच. एकतर दोन सेन्सर लावा, नाहीतर एक झडप ट्रॅकमध्ये स्क्रू मारून कायमची बंद करा. डासांच्या जाळीची तिसरी झडप असेल तर तिला काही लावायची गरज नाही, पण ती सरकताना वडीला घासत नाही ना ते बघा.

मे महिन्यात खिडकी बंद करून झोपवत नाही. त्यासाठी सोपी युक्ती आहे. अशा खिडकीचा सेन्सर कडेच्या उभ्या चौकटीऐवजी वरच्या चौकटीवर, पण उभाच बसवा, आणि झडपेवर दुसरा चुंबक असा लावा की खिडकी ८-१० सेंटिमीटर उघडी ठेवली की तो सेन्सरसमोर येईल. रात्री खिडकी त्या खुणेवर आणून मग अलार्म चालू करा. कुणी तिथून पुढे सरकवली की भोंगा वाजेल. फक्त त्या फटीतून हात घालून आतली कडी किंवा टेबलावरचा फोन काढता येणार नाही, एवढं बघून जागा ठरवा. तळमजल्यावर ग्रिल नसेल तर ही सोय करू नका.

कमान आणि काचपट्ट्या

कमानीच्या खिडकीत वरचा गोल भाग बहुतेक वेळा पक्का असतो आणि खालच्या चौकोनी झडपा उघडतात. सेन्सर त्या झडपांच्या सरळ भागावर बसवा, गोलाईशी झटापट करू नका. झडपच कमानदार असेल तर तळाच्या आडव्या चौकटीवर, बिजागरीच्या विरुद्ध टोकाला जागा मिळते. पावसाचं पाणी तिथं साचत असेल तर वडी खिडकीच्या पाटापासून बोटभर वर उचला.

न्हाणीघराच्या काचपट्ट्यांच्या खिडकीला हा सेन्सर लागूच होत नाही. चोर काचपट्टी उघडत बसत नाही, ती सरळ काढून घेतो. तिथं बाहेरून ग्रिल बसवा आणि न्हाणीघराच्या दाराला सेन्सर लावा, किंवा बाहेरच्या बोळात, पडद्यासारख्या अरुंद पट्ट्यातलीच हालचाल टिपणारा सेन्सर. वाकड्यातिकड्या, रोज न उघडणाऱ्या, चारही बाजूंनी सैल झालेल्या खिडकीलाही मी हाच मार्ग सुचवेन.

पक्कं करताना

दुहेरी फोमची टेप चांगली असली तरी ती ज्या पृष्ठभागावर लावतो तेवढीच मजबूत. सुटणाऱ्या रंगावर लावली तर रंगासकट खाली येते. आधी पॉलिश कागदाने जागा हलकी घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाळू द्या, टेप लावून अंगठ्याने नीट दाबा. ॲक्रिलिक फोमची टेप २० मिनिटांत निम्मी पकड धरते, २४ तासांत ९० टक्के, आणि पूर्ण पकडीला ७२ तास लागतात. तोवर दार आपटू देऊ नका. भिंती घामेजलेल्या असतात त्या जुलै-ऑगस्टात टेपचं काम शक्यतो काढूच नका.

जुन्या सागवानात आणि मेण-पॉलिश केलेल्या दारावर टेप फार काळ राहत नाही. तिथं स्क्रू. स्क्रूच्या मापापेक्षा बारीक भोक आधी पाडा, नाहीतर सुकलेलं लाकूड चिरतं. पितळी स्क्रू घ्या. तो गंजत नाही आणि चुंबकाच्या आड येत नाही. भोक पाडण्याआधी बोटाने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर आत वाळवी आहे, आणि तिचा बंदोबस्त सेन्सरच्या आधी.

कडाप्पा किंवा ग्रॅनाइटच्या चौकटीला ड्रिलचा हातोडा बंद ठेवून, दगडाच्या बिटने, हळूहळू, पाण्याचा थेंब देत भोक पाडा. काठापासून इंचभर आत. नाहीतर टवका उडतो. यूपीव्हीसी आणि ॲल्युमिनियमच्या खालच्या आडव्या पट्टीत भोक पाडूच नका. पाणी बाहेर जाण्याची वाट त्यातून असते.

तपासणी

वायरच्या सेन्सरला मल्टीमीटर लावून, बिनतारी सेन्सरचा दिवा बघत, दार अगदी सावकाश उघडा. जिथं स्विच सुटला तिथं चौकटीवर पेन्सिलीने खूण करा. ती फट दोन बोटांपेक्षा जास्त असता कामा नये. मग दार बंद करून, कडी लावून, मघासारखं जोरात हलवा. एकदाही सुटता कामा नये. दोन्ही चाचण्या पास होत नसतील तर ठोकळ्याची जाडी दोन-तीन मिमीने बदला आणि पुन्हा बघा. माझ्या मते सगळा वेळ इथं घालवण्यासारखा आहे.

वायरच्या यंत्रणेत झोनच्या शेवटी एक रेझिस्टर, म्हणजे विजेला ठरावीक अडथळा देणारा छोटा भाग, लागतो. तो सेन्सरच्या टोकाशी जोडायचा, पॅनेलच्या डब्यात नाही. सोपं पडतं म्हणून बसवणारे तो पॅनेलमध्येच जोडून टाकतात, आणि मग मधली वायर कुणी शॉर्ट केली तर पॅनेलला कळत नाही. काम चालू असताना उभं राहून बघा आणि विचारा.

पावसाळा आणि पूर

जून उजाडला की लाकडी दार फुगतं, घट्ट होतं, पुरतं बंद होत नाही. मग सुतार येऊन काठाला रंधा मारतो. दिवाळीनंतर तेच दार आकसतं आणि रंधा मारलेली फट आणखी रुंद होते. म्हणून सेन्सर बसवताना अंतर लिहिलेल्या आकड्याच्या निम्म्यावर ठेवा, आणि पेन्सिलीची खूण वर्षातून दोनदा तपासा: एकदा पाऊस चांगला लागल्यावर, एकदा तो पूर्ण ओसरल्यावर. रंधा मारला की त्याच दिवशी.

२०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत पंचगंगेचं पाणी ज्या घरांत शिरलं, त्यांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. पुरात घर सोडावं लागतं आणि रिकामं घर राखायला कुणी नसतं. अलार्मची खरी गरज तेव्हाच. पॅनेल, बॅटरी आणि वायरींचे जोड वरच्या मजल्यावर किंवा मागच्या पुराच्या खुणेच्या वर घ्या. वीज काही दिवस नसते हे धरून चाला. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची नेहमीची बॅटरी घरगुती पॅनेल काही तासांपासून एखाद-दुसऱ्या दिवसापर्यंत चालवते, आठवडाभर नाही. मोबाइलवर संदेश देणारं पॅनेल असेल तर त्याला वायफायसोबत सिमकार्डही हवं, कारण वीज गेली की राउटर आधी बंद पडतो. खालच्या मजल्याचे सेन्सर वेगळ्या झोनमध्ये ठेवा. पाणी चढलं की ते निकामी होतील, पण तेवढा झोन बगल देऊन वरचा पहारा चालू ठेवता येतो.

पाणी उतरल्यावर भिजलेला सेन्सर वाळवून पुन्हा वापरू नका. चिखलाचं पाणी आतल्या जोडांवर राहतं आणि महिन्या-दोन महिन्यांनी गंज दाखवतं. नळी आणि चुंबक स्वस्त असतात, नवीन घ्या. ठोकळा आणि अँगल मात्र धुऊन, वाळवून त्याच जागी बसतात. शेवटी पॅनेलच्या झाकणाच्या आत एक कागद चिकटवा: कोणता झोन कोणत्या दाराचा, कोणत्या सेन्सरला कुठली बटण-बॅटरी लागते, ती कधी बदलली. तुम्ही घरी नसताना शेजारच्या काकांना फोनवर सांगायची वेळ आली, तर तो कागद त्यांना वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरात लिहा.